चार फुटी बाभळीचा पलंग

पलंग केवढा घ्यायचा आणि कशाचा घ्यायचा, हे मला आता कोणीही विचारावं. शाळा मी तिसरीत सोडली. पण मापासाठी शाळा लागते असं मला कधी वाटलं नाही. धानाच्या बांदीचा धुरा, म्हणजे बांध, मी दोरी न लावता सरळ टाकतो. गावात कोणाचं दार चौकटीत बसत नसलं तर सुताराच्या आधी मला बोलावणं येतं. भंडारा जिल्ह्यात करडीकडच्या आमच्या गावांत कोणालाही विचारा.

आमच्या दोघांना पलंग आजवर लागला नव्हता. मी छपरीत खाटेवर निजायचो, बायको आत खोलीत खाली सतरंजी टाकून. चाळीस-पंचेचाळीस वर्षं असंच चाललं आणि त्यात कोणाचं काही अडलं नाही. मुलगा आणि सून बाजूच्या खोलीत. सुनेच्या माहेरून आलेला दिवाण तिथं आहे. तो त्यांचा, आम्ही त्याला कधी हात लावला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी अंगणात सडा टाकताना बायको घसरली. उजव्या मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याला नेलं, ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. डॉक्टर चांगला माणूस. त्यानं मला खुर्ची दिली आणि सावकाश सांगितलं, "बाबा, आता यांना खाली बसायचं नाही, खाली झोपायचं नाही. बुटकी खाटही चालणार नाही. पलंग असा पाहिजे की त्यावर बसल्यावर गुडघा कमरेच्या वर येऊ नये. तसा असला तर या आपल्या आपण उठतील. नसला तर दर वेळी कोणीतरी उचलावं लागेल."

बायको पडल्या पडल्या ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली, "मले कोणाच्या हातानं उठाचं नाही. आधीच सांगून ठेवतो."

आमच्याकडच्या बायका बोलताना 'ठेवतो' म्हणतात, तशी तीही म्हणते. आणि तिनं 'सांगून ठेवतो' म्हटलं की ती गोष्ट संपली. माझ्यासारखीच आहे ती.

दुसऱ्या दिवशी मी घरून तुरीची एक सरळ काडी सोलून नेली. तळपायापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत तिचा पाय मोजायचा होता. पलंगाची उंची तिथूनच निघते, दुकानातून निघत नाही. मी काडी घेऊन पायाशी बसलो तर तिनं चांगला पाय आखडून घेतला.

"काय करून राहिले?"

"माप घेऊन राहिलो."

"पायाले हात नका लावू जी. पाप लागन मले."

नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावू नये, हे आमच्यात लहानपणापासून रक्तात भिनलेलं आहे. बाजूच्या खाटेवरची बाई डोळे मोठे करून पाहत होती. नर्स तोंडावर हात धरून हसत होती. मी म्हणालो, "पाप लागलं तं मले लागू दे. मी हात लावतो, तू कोठी लावून राहिली?" तरी ती ऐकेना. शेवटी मी काडी पायाजवळ उभी धरली, हात न लावता, आणि गुडघ्याच्या घडीशी नखानं खूण केली. तिनं तेवढा वेळ डोळे मिटून घेतले. मी काडी कपड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

आमच्या घरी संडास अंगणाच्या पार टोकाला होता. म्हणून मुलानं ठरवलं की खोलीला लागूनच नवा बांधायचा, आणि तोवर आईला भंडाऱ्यात आपल्या बहिणीकडे ठेवायचं. मुलगी माझी हौशीनं घेऊन गेली. पण आठ दिवसांतच तिचा फोन आला.

"बाबा, माय पाणी पित नाही."

"काहून?"

"पाणी पेली का उठा लागते ना. मी ड्यूटीवर गेली का घरी हेच राह्यतेत. आमचा पलंग खालता हाय. जावयाच्या हातानं उठाची तिले शरम वाटते. सकाळी एक घोट घेते, मंग मी येईपर्यंत तशीच."

जावई देवमाणूस आहे, त्याच्याबद्दल एक शब्द नाही. पण सासू आणि जावई, आमच्याकडे समोरासमोर जेवायलाही बसत नाहीत. मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी मुलाला म्हणालो, चल, पलंग पाहू.

तुमसरच्या दुकानात गेलो. शंभर दिव्यांचा उजेड आणि सगळे पलंग चकचकीत. दुकानदार पोरगेलासा होता. "काका, बसून पाहा," म्हणाला. मी बसलो तर गादीत असा रुतलो की गुडघे छातीशी आले. मी पिशवीतून काडी काढली आणि गादी दाबून लावली. पलंग दोन बोटं कमी भरला.

"बसल्यावर हा खाली जाते," मी म्हणालो.

"काका, सगळे एवढेच असतात."

"सगळ्यांचे पाय एवढेच असतेत काय?"

मग मी पलंगाच्या खालून हात घालून नखानं खरवडलं. भुगा निघाला. त्याला दाखवला.

"काका, ते इंजिनिअर्ड वूड आहे."

"इंजिनिअरनं केला तरी भुसा भुसाच राह्यते बापा."

मुलगा बाहेर येऊन माझ्यावर तडकला. "बाबा, साऱ्या गावात आता बॉक्सचे पलंग हायेत. तुमाले काय पायजे?"

"बाभळीचा."

"बाभळीचा! बंडीचं चाक कराचं हाय काय? लोक हासतीन."

"हासू दे. त्याहीच्या पलंगाले दोन पावसाळे जाऊ दे, मंग मी हासतो."

बाभूळ माझ्याकडे होती. धुऱ्यावरची एक जुनी बाभूळ वादळात पडली होती, तिचा ओंडका मी गावच्या बोडीत बुडवून ठेवला होता, दोन पावसाळे. नवी बाभूळ वापरली की तिला भुंगा लागतो. पाण्यात कुजवून मग सावलीत वाळवली की भुंगा तिच्याकडे पाहतही नाही. लोखंड होते. ओंडका बंडीसाठी ठेवला होता, पण आता ट्रॅक्टर आले, बंडी कोण करतो? सागवान दिसायला बरं, पण तेवढं मी विकत घेणार नव्हतो, आणि घरचं लाकूड असताना का घ्यावं?

आता रुंदी. डॉक्टरनं सांगितलं होतं की पहिले दोन महिने रात्री कोणीतरी जवळ पाहिजे. कोणीतरी म्हणजे मी. म्हणजे पलंग दोघांचा. दुकानात सहा बाय साडेसहाचा होता. मी म्हणालो, आपलाही सहा बाय साडेसहा. भुशाचा सहा फुटी आणि बाभळीचा पाच फुटी, असं कसं चालेल?

सून चुलीशी होती. तिथूनच म्हणाली, "मामाजी, चार फुटी बी होते ना. आत्याबाईले उठाले जागा राहीन."

"चार फुटात काय कोंबडी बसवाची हाय?" मी म्हणालो. तिनं चुलीत लाकूड सारलं.

खोली मी स्वतः मोजली. काठीनं एकदा, सुताराच्या टेपानं एकदा. पूर्व-पश्चिम दहा फूट, दक्षिण-उत्तर अकरा. डोकं दक्षिणेला, पलंग पूर्वेच्या भिंतीला चिकटून. तिचा डावा पाय धड, म्हणून डावीकडून उतरायचं. उतरल्यावर चार फुटांची मोकळी वाट, आणि वाटेच्या टोकाला उत्तरेच्या भिंतीत मुलानं पाडलेलं संडासाचं नवं दार. सरळ रस्ता. सुतारानं मान हलवली, मुलानं मान हलवली. काम सुरू झालं.

सुतार म्हणाला, उशाशी मोर काढतो. मी म्हणालो, मोर रानात आहेत. उंचीचं तो म्हणाला, सगळे अठरा इंच करतात. मी त्याच्या हातात काडी दिली. "गादी रुईची राहीन. नवी गादी बसल्यावर दोन बोटं दबते, ते यात धर." त्यानं धरलं. महिनाभरात पलंग उभा राहिला, तेल पाजून. चौघांनी उचलून आणला आणि खोलीतच जोडला. मी त्यावर उभा राहून पाय आपटले. आवाज नाही. गावातले लोक पाहायला आले. कोणी हसलं नाही.

त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सुनेला सांगून बायकोला फोन लावला.

"पलंग झाला म्हणते?" ती म्हणाली.

"झाला. सहा बाय साडेसहा. हत्ती बसला तरी हालत नाही."

"हत्तीले नाही, मले बसाचं हाय. अजी, धान कोठी रचता?"

कोठी म्हणजे कुठं. मी पश्चिमेच्या उघड्या भिंतीकडे पाहिलं.

"आयकू येऊन राहिलं ना? धान म्हणतो मी."

"रचीन कोठीबी," मी म्हणालो आणि फोन सुनेकडे दिला.

आमच्याकडे वर्षाचं खायचं आणि बियाण्याचं धान निजायच्या खोलीतच राहतं. छपरीत ठेवलं तर ओल लागते, उंदीर लागतात, डुकरं येतात. पश्चिमेच्या भिंतीला फळ्या टाकायच्या आणि त्यावर पोती रचायची. बायको जन्मभर त्या पोत्यांशेजारीच निजली. आषाढ-श्रावणात रास उतरत जाते. मी खोली मोजली तेव्हा भाद्रपद होता. उरलेली दोन-तीन पोती सैपाकघरात गेली होती आणि भिंत उघडी होती. धान पिकवणाऱ्याच्या खोलीची दोन मापं असतात, भाद्रपदातलं एक आणि कार्तिकातलं एक. हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? दर वर्षी माझ्याच हातांनी पोती रचतो. पण मोजताना डोळ्यासमोर जेवढं होतं तेवढंच मोजलं. माझा मुलगा धान खाऊन मोठा झाला, सुताराच्या घरी धान, त्यांच्याही ध्यानात आलं नाही. तिच्या मात्र पडल्या जागी आलं.

फोन झाल्यावर मी कोणाला काही न सांगता कामाला लागलो. रिकाम्या पोत्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरली आणि पश्चिमेच्या भिंतीला रचून पाहिली. अडीच फूट गेले. पोती आणि पलंग यांच्यामध्ये राहिला दीड फूट. मग गावातल्या एका म्हाताऱ्याचा वॉकर मागून आणला. दार लोटून पलंगावर बसलो, उजवा पाय ताठ केला, आणि जसं बायको उठेल तसा उठलो. उठणं झालं. काडीचं माप चुकलं नव्हतं. पण वॉकर समोर उघडा राहीना. आडवा केला तर एक पाय पोत्यात अडकला. जोर लावला आणि मी तणसाच्या पोत्यांवर आडवा झालो.

दारात सून उभी होती.

"मामाजी, काय करून राहिले?"

"चालून राहिलो."

ती हसली नाही. आत आली, वॉकर उचलला, स्वतः पलंगावर बसली, उजवा पाय ताठ केला आणि उठली. दोनदा प्रयत्न केला. "माह्याच्यानं बी निघत नाही," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. चार फुटांची गोष्ट तिनं काढली नाही. काढली असती तर मी भडकलो असतो, आणि पलंग कदाचित तसाच राहिला असता. हे तिला पक्कं ठाऊक असावं.

संध्याकाळी जेवताना मुलगा म्हणाला, "धान आमच्या खोलीत रचा."

"सुनेच्या दिवाणाशी पोते रचाचे? नाही."

"मंग सारा धान इकून टाका. दर महिन्याले तांदूळ आणू."

"धान पिकवाचा अन् दुकानचा भात खाचा?"

"मंग मायले आणखी दोन महिने ताईकडंच राहू द्या."

ते ऐकून माझा घास थांबला. तिकडे ती पाणी पिणार नाही, एवढंच मला दिसत होतं. मी हात धुतला आणि म्हणालो, "पलंग कापा लागते."

झोप मला चांगली लागली. एकदा ठरवलं की मला झोप लागते. पण सकाळी सुताराच्या घरी जाताना मी लांबची वाट धरली, हे खरं सांगतो. केलेलं काम मोडायला मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. सुताराच्या ओसरीत गावातले दोघं विड्या ओढत बसले होते. ते उठून जातील म्हणून मी थोडा थांबलो. ते काही उठले नाहीत.

"पलंग चार फुटी कराचा हाय," मी म्हणालो.

सुतारानं रंधा थांबवला. "काकाजी, सहा तं तुमीच म्हणले होते."

"हो, मीच म्हणलो होतो. आता चार म्हणतो."

"माप चुकलं काय?"

विड्या ओढणारे दोघंही आता माझ्याकडेच पाहत होते.

"चुकलं," मी म्हणालो. "खोली मोजली, धान मोजलं नाही."

मग सुतारच डोकं खाजवत म्हणाला, "माह्या बी ध्यानात आलं नाही जी. माह्या बी घरी तसंच हाय." विडीवाल्यांपैकी एक म्हणाला, "मले बी पलंग कराचा होता. बरं झालं बापा." त्यावर मी त्याला तिथंच बसून सांगितलं की आधी पोती रचून घे, वॉकर नसला तर खुर्ची फिरवून पाहा, आणि मग सुताराला टेप काढू दे. तो अजूनही ऐकणार नाही, पण मी सांगितलं.

वाळलेली बाभूळ कापणं म्हणजे दगड कापणं. सुताराची एक आरी बोथट झाली, दुसरी आणली. आडवे दांडे दोन-दोन फुटांनी तोकडे केले, खाचा नव्या पाडल्या. कापलेल्या तुकड्यांतून मी एक गोष्ट करून घेतली. पलंगाच्या डाव्या बाजूला, बसल्यावर हात जातो तिथं, नांगराच्या रुमण्यासारखी उभी मूठ. बांदीत नांगर हाकताना माणूस चिखलातही त्या मुठीच्या भरवशावर उभा राहतो. सुताराला ते आवडलं. पुढच्या पलंगालाही करीन म्हणाला.

चार फुटांत मी मावणार नव्हतो, तेही आधीच ठरवलं होतं. खळ्यावर धानाचे ढीग पडले की राखणीला मी दर वर्षी पोत्यांवरच निजतो. मग घरात निजायला काय हरकत? पोती दोनच थर रचायची, वर घोंगडं. अडीच फूट रुंद. माझ्या मापाला पुरतात.

दिवाळीच्या आधी लवकर येणारं हलकं धान खळ्यावर चुरून घरी आलं. मी दोन उन्हं दिली आणि पोती रचली. दुसऱ्या दिवशी मुलगी आईला घेऊन आली. सून आणि मुलीनं धरून तिला खोलीत नेलं आणि पलंगावर बसवलं. दोन्ही तळपाय फरशीला पुरे टेकले. तिनं एकदा पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्या मुठीकडे.

"हे काय जी? नांगर हाकाचा हाय काय?"

"धराले हाय."

"अन् तुमी कोठी निजता?"

"धानावर."

"उंदरावाणी," ती म्हणाली. मुलगी आणि सून खदखदून हसल्या. मीही हसलो.

जेवण झालं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मले जाचं हाय." मुलगा दोन्ही हात पुढं करून आला. मुलगी एका बाजूनं, सून दुसऱ्या बाजूनं.

"बाहेर व्हा सारे," ती म्हणाली.

ते तिघं बाहेर गेले. मी गेलो नाही. त्या 'सारे'मध्ये मीही आलो असं मी धरलं नाही. तिनं वॉकर समोर ओढला, पलंगाच्या काठाशी सरकली, डावा हात मुठीवर ठेवला, उजवा वॉकरवर. अर्धी उठली आणि तिथंच थांबली. मी एक पाऊल पुढं टाकलं.

"हात नका लावू," ती खाली पाहत म्हणाली.

मग उभी राहिली. जागच्या जागी दोन श्वास घेतले. मुठीवरचा हात सोडून वॉकरवर ठेवला आणि चालायला लागली. एक पाऊल, थांबली. दुसरं. पोत्यापाशी आल्यावर तळहात पोत्यावर दाबून पाहिला. "ओला तं नाही ना?"

"नाही. दोन उन्हं देल्ले."

तिनं पुन्हा वॉकर उचलला. मी वाटेतच उभा होतो, समोर तोंड करून, हात अर्धे पुढं.

"सरका जी, रस्त्यातून."

मी पोत्यांना पोटऱ्या चिकटवून उभा राहिलो. ती माझ्यासमोरून गेली. वॉकरचा पाय माझ्या पायाला लागला नाही, पलंगाला लागला नाही. ती दारापर्यंत गेली, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

डॉक्टरनं कडी लावायची नाही म्हणून बजावलं होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "कडी नको लावू."

आतून आवाज आला, "लावली."